पोटदुखी

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज सकाळी आंघोळ करताना गातात. बेसूर गात असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. पण सूर बरा आहे, आणि मुख्य म्हणजे माणूस मनापासून खूश आहे. सकाळी पावणेसातला!

युरी ओलेशाची 'मत्सर' ही 1927 सालची रशियन कादंबरी उघडते तीच मुळी अशा गाण्याने. आंद्रेई बाबिचेव सकाळी संडासात बसून गातो आणि बाहेर त्याच्या कोचावर पडलेला निकोलाय कवालेरोव ते ऐकत जळत असतो. हा 27 वर्षांचा रिकामटेकडा. पिऊन रस्त्यावर पडला होता, तिथून बाबिचेवनेच त्याला उचलून घरी आणलं. म्हणजे उपकारही त्याचाच. मग काय, जळफळाटाला आणखी तेल!

बाबिचेव सोव्हिएत राज्यातला बडा असामी. खाण्यापिण्याचं खातं त्याच्याकडे. घरोघरच्या चुली बंद करून सगळ्यांना स्वस्तात जेवू घालील असं अवाढव्य भोजनालय तो बांधतोय. नाव 'चेत्वेर्ताक', म्हणजे चक्क 'पावली'; पाव रुबलात जेवण. शिवाय त्याने नवा सॉसेज काढलाय: 70 टक्के वासराचं मांस, किंमत 35 कोपेक. त्याचा एक तुकडा पोचवायला तो कवालेरोवलाच पिटाळतो. हातात ते पुडकं धरून मॉस्कोतून चाललेला हा स्वतःला कवी समजणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. आपल्याकडे दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून पोटात दुखतं. इथे तर ज्याचा हेवा करायचा तो पोटाचाच धंदा करतो.

पण हेवा करणारा बघतो किती बारकाईने! बाबिचेवच्या अंगावरचा तीळसुद्धा कवालेरोवच्या नजरेतून सुटत नाही. प्रेमात पडलेला माणूसही इतकं पाहत नसेल. मला तरी वरच्या गृहस्थांचा टॉवेल कधी बदलला ते सांगता येतं.

1934 च्या सोव्हिएत लेखक संमेलनात ओलेशाने कबूल केलं, की कवालेरोवमध्ये तो स्वतःच बराचसा होता; लोकांनी त्याला क्षुद्र ठरवलं, ते आपल्यालाच लागलं. सभेत उभं राहून असं बोलायला छाती लागते. मी अजून बायकोपाशीही बोललेलो नाही.

कवालेरोवची आणखी एक तक्रार आहे: वस्तूंना मी आवडत नाही. खाली पडलेलं नाणं नेमकं जड फर्निचरखाली जातं. ते काढायला जमिनीवर रांगताना मान वर करावी, तर कपाट हसत असतं.

आज सकाळी शर्टाचं बटण तुटून आमच्या गोदरेजच्या कपाटाखाली गेलं. वर गाणं रंगात आलं होतं. मी पालथा पडून फूटपट्टीने बटण ओढत होतो. मान काही वर केली नाही.