मोजदाद

इंग्लंडला आल्यापासून आईचा एक हिशोब पक्का आहे. दिसेल त्या किमतीला शंभराने गुणायचं. म्हणून तिकिटाच्या खिडकीशी मी मुद्दाम दरफलकाला आडवी उभी राहिले, तर तिने मान वाकडी करून वाचलंच. "घारी बघायला एवढे पैसे?"

तिचं माहेर म्हसळ्याकडचं. घार ही वाळत घातलेल्या मासळीवरून हाकलायची गोष्ट, तिकीट काढून बघायची नव्हे.

आम्ही आलो होतो हॅम्पशरमध्ये, अँडोव्हर गावाजवळच्या हॉक कॉन्झर्व्हन्सी ट्रस्टमध्ये. ससाणे, गरुड, घुबडं, गिधाडं असे सगळे शिकारी पक्षी एका जागी, आणि जखमी रानपक्ष्यांसाठी दवाखानाही. लेकाने वही आणली होती. तो आठ वर्षांचा आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो. घुबडाची मान किती अंश फिरते? साधारण २७०. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी किती किलोमीटर? ३०० च्या वर. हे सगळं तो घरूनच पाठ करून आला होता. वहीत लिहायचं ते फक्त खात्री पटली म्हणून.

पहिलं उडालं ते गव्हाणी घुबड. आमच्या डोक्यांवरून गेलं, केसांना वारा लागला आणि आवाज शून्य. पिसांच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्याने हवेचा आवाज मोडतो. घुबडाचं तोंड बघणं अशुभ, म्हणून आईने आधी डोळे मिटले होते. मग एक उघडला. इंग्रजही त्याला गव्हाणीचंच घुबड म्हणतात हे कळल्यावर दुसराही उघडला. "म्हणजे यांच्याकडेही गोठे होते म्हणायचे."

हॅरिसचे ससाणे मात्र मला जिंकून गेले. मूळचे अमेरिकेकडचे. शिकारी पक्षी सहसा एकटे फिरतात, हे टोळीने शिकार करतात. बसायला जागा कमी पडली की एकमेकांच्या पाठीवर उभे राहतात म्हणे, दहीहंडीच्या थरांसारखे. आम्हाला थर काही बघायला मिळाले नाहीत. एक ससाणा नवऱ्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेला, तेवढ्यात त्याने हातातला पोळीचा रोल खाली टाकला, आणि दिवसभर तो 'टाकला नाही, पडला' असं सांगत राहिला.

ससाणा हातमोज्यावर उतरला की बक्षीस म्हणून कोंबडीच्या पिल्लाचा तुकडा. तो खायला घालता घालता उडवणाऱ्या मुलीने आतली गोष्ट सांगितली. इथे प्रत्येक पक्ष्याचं रोज सकाळी वजन होतं, ग्रॅममध्ये. वजन ठरल्यापेक्षा वर गेलं की स्वारी झाडावर जाऊन बसते, किती हाका मारा. खाली गेलं की अंगात बळ राहत नाही. सगळी कसरत या मधल्या थोड्या ग्रॅमांची. मी आईला हे मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "तुझे बाबा तसेच. पोट भरलं की हाक ऐकू येत नाही."

लेकाने मुलीला विचारलं, पण त्याला तू आवडतेस ना? ती हसली. म्हणाली, मला ओळखतो, विश्वास ठेवतो, पण प्रेमबीम नाही. लेकाचा चेहरा पडला. आजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बोलावल्यावर येतो ना? मग झालं. एवढं तरी कोण करतं?"

हे वाक्य माझ्यासाठी होतं की काय, यावर मी जेवण होईपर्यंत विचार करत होते.

दुपारी गिधाडं. टोपडं घातल्यासारखी दिसणारी, आफ्रिकेतली. गुलाबी उघडा चेहरा, मानेवर मऊ लव. ती उडाली कमी आणि तुकड्यांमागे गवतातून तुरुतुरु पळालीच जास्त, लग्नात पंगत उठायच्या आत पान पकडायला निघालेल्या माणसांसारखी. लोक हसले. मग माइकवरचा माणूस भारताबद्दल बोलू लागला, आणि मी उगीच सावरून बसले. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्के घटली. म्हणजे हजारातलं एक उरलं. कारण डायक्लोफिनॅक, गुरांना द्यायचं दुखणं कमी करणारं औषध. ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. हे उमगलं तेव्हा बहुतेक सगळं संपलेलं होतं. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. लेकाने ९९.९ लिहिलं आणि खाली रेघ मारली. वजाबाकी त्याने केली नाही.

"तुमच्यापैकी कुणी रानातली गिधाडं पाहिली आहेत?" त्या माणसाने विचारलं.

बाकांवर चुळबुळ झाली. मी हात वर केला नाही. मी पुण्यात वाढले, पाहिली ती चित्रात. माझ्या शेजारून एक हात वर गेला, हिरव्या बांगड्यांचा. प्रश्न तिला कसा कळला कोण जाणे. तो माणूस जवळ आला आणि गुडघ्यावर बसला. आई माझ्याकडे वळून भराभर बोलू लागली. वाडीत बैल मेला की ओढ्यापलीकडे टाकायचे. दुपारी आभाळात चकरा सुरू. संध्याकाळी नुसती हाडं. घरटी उंच झाडांच्या शेंड्याला, खाली सगळं पांढरं झालेलं. आम्ही पोरं नाक धरून पळायचो.

मी जमेल तसं इंग्रजीत केलं. नाक धरण्याचं गाळलं.

"अंदाजे किती असायची?" त्याने विचारलं. लेकाने पेन्सिल तयार ठेवली.

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग मला म्हणाली, "सांग त्याला, कावळे कुणी मोजतं का?"

मी त्याला इंग्रजीत 'खूप' एवढंच सांगितलं.