तळोज्यातला तांब्याचा प्लांट ऑटोवर घेताना

तळोजा एमआयडीसीतल्या एका छोट्या प्लांटच्या कंट्रोल सिस्टिमचं काम गेल्या पावसाळ्यात पुरं झालं. भंगार आणि कारखान्यांचा तांबंयुक्त गाळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा, त्यातलं लोखंड काढायचं आणि उरलेल्या द्रावणातून विजेने तांब्याचे कॅथोड, म्हणजे शुद्ध तांब्याचे पत्रे, जमवायचे. भट्टी नाही, धुराडं नाही. पण हे खरोखर स्वच्छ राहतं का, ते चार-दोन लूपवर (मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्हची साखळी) ठरतं. इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेली मुलं या क्षेत्राबद्दल विचारतात, म्हणून लिहितोय.

रबाळ्याच्या शॉपमधली पॅनेलची तपासणी नेहमीसारखीच झाली. साइटवरचं लूप चेकिंग मात्र घाईत उरकू नये. प्रत्येक ट्रान्समीटरच्या (मोजलेला आकडा पाठवणाऱ्या उपकरणाच्या) जागेवरून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल देऊन स्क्रीनवरचा आकडा बघायचा, प्रत्येक व्हॉल्व्ह ०, २५, ५०, ७५, १०० टक्क्यांवर हलवून समोर उभं राहून बघायचा. पुढे लूप नाचायला लागला की दोष वायरिंगचा की ट्यूनिंगचा, हा वाद मग उरत नाही.

खरी कसोटी पीएचची. लोखंड फेरिक (जास्त ऑक्सिडीकृत) रूपात आणून चुना घालत पीएच साडेतीनच्या आसपास नेला की ते जवळजवळ सगळं खाली बसतं. त्याच्या बरंच वर गेलं की तांबंही बसायला लागतं आणि गाळाबरोबर निघून जातं. तो गाळ घातक कचरा म्हणून तळोज्याच्याच विल्हेवाट केंद्रात पाठवावा लागतो. म्हणजे जास्तीचा चुना तिहेरी महाग: चुना गेला, तांबं गेलं, कचरा वाढला. पीएच कमी राहिला तर लोखंड तांबं जमवणाऱ्या सेलमध्ये पोचतं. तिथे ते कॅथोडवर फेरस (कमी ऑक्सिडीकृत) होतं, अ‍ॅनोडवर पुन्हा फेरिक, आणि वीज त्याच फेऱ्यांत खर्च होते.

त्यात पीएचचं मोजमाप लॉगरिदमिक, म्हणजे एका अंकाचा फरक दहापटीचा, आणि चुन्याचे कण विरघळायला वेळ घेतात. डोस आत्ता दिला तर परिणाम काही मिनिटांनी दिसतो. तोवर कंट्रोलर अधीर होऊन आणखी चुना ओततो. मी काम दोन टाक्यांत वाटलं. पहिल्या टाकीत येणाऱ्या द्रावणाच्या प्रवाहाच्या प्रमाणात ढोबळ डोस, दुसऱ्या टाकीत पीएच बघून बारीक दुरुस्ती; तिथे गेन (चुकीला दिलेला प्रतिसाद) कमी आणि इंटिग्रल टाइम (साचलेली चूक भरून काढायला घेतलेला वेळ) चांगला लांब. चुन्याची लाइन कायम फिरती ठेवली, कारण थांबली की चोक झालीच.

चुना आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम तयार होतं आणि ते पीएच प्रोबवर चढतं. म्हणून दुसऱ्या टाकीत तीन प्रोब घेतले आणि मधला आकडा धरला. एक प्रोब सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने धुवायला काढला तरी लूप चालू राहतो. इथे पैसे वाचवू नयेत, हे मी मालकांना आग्रहाने सांगितलं.

रात्रपाळीचे सीनियर ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी पीएचच्या शेजारी चुन्याच्या व्हॉल्व्हचा ट्रेंड, म्हणजे वेळेनुसारचा आलेख, मागितला. “आकडा हलत नाही आणि व्हॉल्व्ह उघडतच चाललाय, तर काहीतरी गडबड आहे, साहेब.” अगदी बरोबर. लाइन भरत आली असेल, प्रोब कमी दाखवत असतील किंवा आलेला माल बदलला असेल. तो ट्रेंड मी मुख्य स्क्रीनवर आणला, आणि आता माझ्या प्रत्येक कामात तो असतो.

दुसरा जिव्हाळ्याचा विषय रेक्टिफायरचा, म्हणजे सेलला डीसी वीज देणाऱ्या यंत्राचा. द्रावणाचा प्रवाह थांबला किंवा अ‍ॅसिडची वाफ ओढणारा पंखा बंद पडला की रेक्टिफायर ट्रिप झालाच पाहिजे. या इंटरलॉकला बायपासची कळ मी ठेवली नाही. मात्र पावसाळ्यात वीज झपकते तेव्हा वेगळा प्रश्न येतो. करंट पूर्ण थांबला तर शिशाच्या अ‍ॅनोडवरचा ऑक्साइडचा थर सुटतो आणि शिसं कॅथोडमध्ये उतरतं. ग्रेड ए कॅथोडमध्ये शिशाला जेमतेम ५ पीपीएम (दहा लाख भागांत पाच) मुभा. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा रेक्टिफायर जोडला. मुख्य पुरवठा गेला की तो थोडासा करंट चालू ठेवतो. ही सोय मूळ ड्रॉइंगमध्ये नव्हती, ती घालून घ्यायला बैठका लागल्या, पण त्या बैठकांचं मला समाधान आहे.

शेवटची परीक्षा वजनकाट्यावर झाली. १ अँपिअर करंट तासभर गेला की हिशेबाने १.१८६ ग्रॅम तांबं बसायला हवं. पीएलसीत (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) अँपिअर-तासांची बेरीज ठेवली होती, ती काढलेल्या कॅथोडच्या वजनाशी ताडून पाहिली. प्लांट मॅन्युअलवर असताना दोन आकड्यांत मोठी तफावत असायची. ऑटोवर घेतल्यावर करंटची कार्यक्षमता, म्हणजे हिशेबाच्या तुलनेत बसलेलं तांबं, नव्वद टक्क्यांच्या घरात आली. हे आकडे प्लांटवाले अजून मला पाठवतात, आणि घसरण दिसली की मी आधी त्या आठवड्याचा पीएच आणि व्हॉल्व्हचा ट्रेंड मागवतो.