गाडी ओरडतेय, पळत नाहीये

माझी पल्सर १५० आहे २०११ची. तिला ८० हजार किलोमीटर होऊन गेलेत, त्यामुळे तिच्या आवाजाकडे माझं लक्ष जरा जास्तच असतं. दिवाळीच्या आधी इंजिनातून टकटक यायला लागली. ऑइल बदलायची वेळ झालीच होती म्हणून पुण्यात एका दुकानात 20W50 घ्यायला गेलो. दुकानदाराने सोबत ऑइलात मिसळायच्या अॅडिटिव्हची एक छोटी बाटली काउंटरवर ठेवली. "हे पण टाका, इंजिन मख्खन होईल." ३५० रुपये. टाकली.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस खरंच मख्खन वाटलं. अर्थात नुसतं नवं ऑइल टाकलं तरी दर वेळी तसंच वाटतं, पण हे तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मागे मेव्हणा, दोन सॅक, आणि पुण्याहून साताऱ्याकडे निघालो. खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पिळला तर इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा सर्रकन वर गेला आणि गाडी आहे तिथेच! तिसरा टाकला, तरी तेच. मागून ट्रकचे हॉर्न. मेव्हणा म्हणाला, "दाजी, गाडी नुसती ओरडतेय, पळत नाहीये." दुसऱ्या गिअरवर, कडेकडेने, रिक्षाच्या वेगाने घाट चढलो.

साताऱ्यात आमच्या गॅरेजवाल्याने क्लच केबलचं प्ले, म्हणजे तिची ढील, बघितलं. ते बरोबर होतं. मग ऑइलचा बोल्ट खोलता खोलता त्याने एकच प्रश्न विचारला, "काय टाकलंय यात?"

कारच्या मेकॅनिकला हा प्रश्न पडणार नाही, कारण कारचा क्लच कोरडा, इंजिनाच्या ऑइलपासून लांब. आपल्या बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा तिघे एकाच ऑइलात अंघोळ करतात. पिस्टनला घर्षण नको असतं, पण क्लचला ते हवंच असतं. प्लेटांनी एकमेकींना पकडलं नाही तर ताकद चाकापर्यंत पोहोचणार कशी? बाटलीतला गुळगुळीतपणा पिस्टनपाशी थांबत नाही, तो प्लेटांवरही जाऊन बसतो.

ऑइलच्या डब्यामागे 'जासो' या जपानी मानकाचं 'एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं असतं ते याचसाठी: हे ऑइल ओल्या क्लचला चालतं, अशी ती खूण. 'एमबी' म्हणजे जास्त गुळगुळीत, अॅक्टिवासारख्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच ऑइलात नसतोच. कंपनीने मोजूनमापून जमवलेल्या त्या मिश्रणात मी दुकानदाराच्या भरवशावर वरून फोडणी घातली होती. झीज रोखणारी जस्ताची संयुगं वगैरे त्या ऑइलात आधीपासूनच असतात, ती वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत.

घरी आल्यावर वाचत बसलो. अमेरिकेत 'स्लिक ५०' नावाचं असंच एक ऑइल ट्रीटमेंट फार खपायचं. गाडी सुरू करताना इंजिनाला पुरेसं संरक्षण नसतं, अशी भीती त्याच्या जाहिराती घालायच्या. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांना फसव्या जाहिरातींपासून वाचवणाऱ्या सरकारी संस्थेने, ते दावे खोटे असल्याचा आरोप केला आणि १९९७ साली कंपनीला तडजोड करावी लागली. इतकं जुनं प्रकरण, आणि मी आत्ता बाटली घेतोय.

गॅरेजवाल्याने ऑइल काढलं, स्वस्तातलं एमए ऑइल भरून दोन दिवस चालवायला लावलं, मग परत बदललं. तरी घसरणं पूर्ण गेलं नाही. शेवटी क्लच प्लेटांचा सेट नवा टाकला. बसवण्याआधी त्याने त्या रात्रभर ऑइलात भिजत ठेवल्या होत्या. मजुरी धरून सगळं मिळून २,१०० रुपये गेले.

आता कुणी म्हणेल, माझ्या काकांनी वर्षानुवर्षं टाकलं, काही झालं नाही. नसेल झालं. सगळ्या बाटल्यांत एकच माल नसतो, आणि सगळे काका खंबाटकी डबलसीट चढत नाहीत.

टकटक राहिलीच होती. त्याने टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हपाशी असणारी फट नीट केली, वीस मिनिटं लागली. १०० रुपये.