कलिंगडाची गुणसूत्रे दुप्पट झाली, तपासणी मात्र अडली

कोल्चिसीन हे रसायन वापरून कलिंगडाची गुणसूत्रे दुप्पट करण्याचे माझे प्रबंधाचे काम पार पडले, परंतु त्यातील तपासणीच्या टप्प्याचा राग अजून गेलेला नाही. कलिंगडात एरवी २२ गुणसूत्रे असतात. ४४ गुणसूत्रांच्या मादी वेलीवर २२ गुणसूत्रांच्या नराचे पराग टाकले की ३३ गुणसूत्रांचे बी मिळते, आणि त्यापासून वाढलेल्या वेलीत गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नसल्याने फळात टणक बी धरत नाही. जपानमध्ये आनुवंशशास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी घालून दिलेली ही वाट मला चालायची होती.

उपचार सरळ होता. दोन बीजपत्रांमधल्या शेंड्यावर ०.२ टक्के द्रावणाचा थेंब सकाळ-संध्याकाळ ठेवला. कोल्चिसीनमुळे पेशीत तर्कूचे धागे, म्हणजे विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना ओढणारे तंतू, तयार होत नाहीत. त्यामुळे दुप्पट झालेली गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली न जाता एकाच पेशीत राहतात. हातमोजे घालावेतच, कारण आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातले विष ते हेच. काही रोपे दगावली, उरलेल्यांची पाने जाड आणि खरखरीत झाली.

पानाच्या खालची पातळ साल सोलून आयोडीनचा थेंब टाकला, तेव्हा पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी मोठ्या आणि हरितलवकांनी गच्च भरलेल्या दिसल्या. एवढ्यावर विसंबता येत नाही. ही खूण फक्त बाहेरच्या थराची असते. पराग आणि बीजांड त्याच्या आतल्या थरातून येतात, आणि एकाच वेलीत एक थर दुप्पट तर दुसरा मूळचाच असू शकतो. म्हणून फ्लो सायटोमेट्री, म्हणजे रंगवलेल्या केंद्रकांमधील डीएनए यंत्राने मोजून आलेखावर शिखराच्या रूपात दाखवणारी तपासणी, हवी होती. ती करून देणाऱ्या केंद्राने नमुने टपालाने मागवले, अर्जातील एक रकाना रिकामा राहिला म्हणून पाकीट बाजूला ठेवले, आणि पाने पिवळी पडल्यावर ती यंत्रात घातली. आलेखावर शिखर उमटलेच नाही, नुसता फुटलेल्या केंद्रकांचा गाळ दिसला. वर नवा अर्ज आणि नवे शुल्क मागितले गेले. तोवर वेलींना मादी फुले येऊन गळू लागली होती, आणि परागीकरणाचा हंगाम कोणाच्या टेबलासाठी थांबत नाही.

अखेर मी कुंड्याच घेऊन गेलो. समोर ताजे पान ब्लेडने बारीक चिरले, गाळून रंगवले, आणि साध्या वेलीच्या शिखराच्या बरोबर दुप्पट अंतरावर एकच शिखर उभे राहिले, तेव्हा मला अभिमान वाटला. दुसऱ्या एका वेलीत दोन शिखरे आली. ती मिश्र निघाली आणि बाद झाली.

तेव्हा तुलनेसाठी त्याच वाणाचे उपचार न केलेले रोप सोबत न्यावेच. गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची झाल्यास त्याच रोपाचे मूळ घेऊ नये. थेंब शेंड्यावर पडलेला असल्याने मुळांत २२ गुणसूत्रेच राहतात. त्या वेलीचे बी रुजवून नव्या रोपाच्या मुळात ४४ मोजावीत, आणि मगच संकराला हात घालावा.