लेस विगच्या गाठी आणि 'पुढच्या आठवड्यात या'

चाईमुळे कपाळालगतचे बरेचसे केस गेल्यावर मी नैसर्गिक केसांचा लेस विग घेतला. डोक्याचे माप देणे आणि रंग निवडणे विनासायास झाले, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही. घोडे अडले ते गाठींपाशी. अशा विगमध्ये एकेक केस बारीक जाळीला गाठ मारून बसवलेला असतो आणि केस काळा असला की गाठही काळीच दिसते. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हे कळत नाही. मी रस्त्यावर उन्हात येऊन आरसा धरला तेव्हा कपाळाच्या कडेने काळ्या ठिपक्यांची सरळ रांग दिसली.

पुण्याच्या मध्यवस्तीतल्या त्या दुकानाच्या मालकांना ती दाखवली, तर ते म्हणाले, "ताई, इतक्या जवळून कोण बघतंय?" पीएमपीच्या बसमध्ये शेजारी बसलेली कोणतीही बाई बघते, हे त्यांच्या गळी उतरेना. अखेर गाठी ब्लीच करून देण्याचे त्यांनी कबूल केले आणि विग ठेवून घेतला. त्यानंतर दर वेळी 'पुढच्या आठवड्यात या' हेच उत्तर मिळे. कधी कारागीर गावाला गेलेला असे, कधी गणपतीची गर्दी असे, आणि मी मात्र डोक्याला स्कार्फ गुंडाळून कार्यालयात जात असे. विग परत मिळाला तेव्हा गाठी तांबूस नारिंगी झाल्या होत्या आणि ब्लीच पातळ कालवल्यामुळे ते जाळीतून झिरपून केसांची मुळेही तशीच झाली होती. त्यावर मालक म्हणाले, "धुतल्यावर जाईल." धुतल्यावर जाणारा तो रंग नव्हताच.

पुढचे काम नाटकांसाठी टोप बांधणाऱ्या ओळखीच्या एका काकूंनी निस्तरले. त्यांची पद्धत सांगते, कारण सगळे मर्म तिथेच आहे. ब्लीचची पूड २० व्हॉल्यूमच्या, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या, डेव्हलपरमध्ये (ब्लीच कालवायच्या द्रवात) श्रीखंडाइतकी घट्ट कालवायची. विग उलटा करून ती जाळीच्या आतल्या बाजूने, ब्रश न दाबता, नुसती टेकवत लावायची, वर फॉइल ठेवायचे आणि दर काही मिनिटांनी गाठीचा रंग बघत राहायचे. गाठ फिकट पिवळसर झाली की लगेच धुवायचे. पांढरी होण्याची वाट पाहिली तर गाठ कमकुवत होऊन केस सुटू लागतात. नारिंगी छटा राहिली तर निळा शाम्पू आणि पिवळी राहिली तर जांभळा वापरायचा. कंडिशनर मात्र केसांच्या टोकांकडेच लावायचा, गाठींना लागू द्यायचा नाही. माझी पिंगट झालेली मुळे काकूंनी मस्काराच्या ब्रशने केसांचा काळा रंग लावून झाकली. कृत्रिम धाग्याच्या विगवर ब्लीच चालत नाही; तिथे गाठींवर आतून आपल्या त्वचेच्या रंगाचा कन्सीलर लावावा.

आपल्या वर्णाला गोरटी जाळी उठून दिसते. ती कोऱ्या चहात बुडवून रंगवता येते, पण ओली जाळी गडद भासते, म्हणून वाळल्यावरच पारखावी. हे सर्व ब्लीचनंतर करावे, कारण आधी रंगवलेली जाळी ब्लीचमुळे पुन्हा फिकी पडू शकते. कडेची जादा जाळी सरळ न कापता बारीक नागमोडी कापावी. कपाळावरचे केस चिमट्याने विरळ करताना अगदी पहिली ओळ न छेडता तिच्यामागच्या ओळींतून एकेक केस काढावा आणि मधूनमधून आरशापासून लांब उभे राहून बघावे. भांगावर कॉम्पॅक्ट पावडरचा हलका हात फिरवला की टाळूची त्वचा दिसल्याचा भास होतो. मला स्वतःला सर्वांत समाधान याच गोष्टीने दिले. दुचाकीवर हेल्मेटखाली सुती स्कार्फ घट्ट बांधावा, अन्यथा हेल्मेट काढताना कडेची जाळी उचलली जाते.

एक सांगायचे राहिले: गाठींचे काम दुकानावर सोपवणार असाल तर पावतीवर काम आणि तारीख लिहून घ्या, आणि विग दाराबाहेर उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.