नोंदवही : १,४०० किलोमीटरनंतरची ई-माउंटन बाइक

पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या माथ्यावरून कानिफनाथाकडे जाणाऱ्या आणि तिथून खाली उतरणाऱ्या पायवाटांवर माझी इलेक्ट्रिक माउंटन बाइक आता १,४०० किलोमीटर फिरली आहे. मागच्या पाचशे किलोमीटरांत जे काही बिघडले, झिजले किंवा चुकीचे बसवलेले आढळले, त्यातले बहुतेक मला सायकल चालवताना जाणवलेच नव्हते, आणि या नोंदीत मुख्यतः तेच लिहायचे आहे. साध्या सायकलवर ब्रेक घासत असेल, हवा उतरली असेल किंवा चेन कोरडी पडली असेल, तर मांड्या लगेच तक्रार करतात. इथे ८५ न्यूटन-मीटरची मोटर ती तक्रार परस्पर मिटवून टाकते आणि बिघाड मात्र वाढत राहतो. म्हणून मी आता प्रत्येक फेरीनंतर आकडे लिहून ठेवतो.

माझी ठरलेली फेरी २२ किलोमीटरांची आणि ६५० मीटर चढाईची आहे. मी, पाठीवरची पिशवी आणि सायकल असे एकूण १०५ किलो वजन तेवढ्या उंचीवर नेण्यालाच सुमारे १८५ वॅट-तास ऊर्जा लागते. त्यातला काही वाटा पाय उचलतात, उरलेला बॅटरी. मोटरच्या मदतीच्या मधल्या पातळीवर (मोडवर) या फेरीत ६२५ वॅट-तासांच्या बॅटरीतले साधारण ३३ टक्के खर्च होतात. मार्चमध्ये मात्र लागोपाठ दोन फेऱ्यांना हा खर्च ४१ आणि ४२ टक्के आला. वाट तीच होती, मोडही तोच होता आणि वाराही नव्हता.

घरी येऊन सायकल स्टँडवर चढवली आणि मागचे चाक हाताने फिरवले, तर ते अडीच फेऱ्यांत थांबले. पॅड काढून ब्रेकचा दांडा अगदी हलका दाबल्यावर दिसले, की कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातला, उजवा पिस्टन पुढे सरकतो आहे आणि डावा जागचा हलत नाही. मुरमाची तांबूस भुकटी आणि पॅडची काळी पूड मिळून त्याच्या कडेला कडक कडे तयार झाले होते. उजवा पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने धरून ठेवला, डावा दोन मिलिमीटर बाहेर येऊ दिला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्याची कड पुसली, माझ्या ब्रेकला चालते त्याच मिनरल ऑइलचा एक थेंब लावला आणि पिस्टन परत आत ढकलला. असे तीनदा केल्यावर दोन्ही पिस्टन सारखे चालू लागले. ज्यांच्या ब्रेकमध्ये डॉट नावाचा वेगळा ब्रेक-द्रव आहे त्यांनी मिनरल ऑइल तिथे मुळीच वापरू नये, कारण त्यातले रबरी सील त्याने फुगतात. कॅलिपर पुन्हा बसवताना मागे पांढरा कागद धरला, की डिस्कच्या दोन्ही बाजूंची फट स्पष्ट दिसते. पुढच्या फेरीत खर्च ३४ टक्क्यांवर आला.

चेनच्या बाबतीत मी पहिल्या वेळी उशीर केला आणि त्याची किंमत कॅसेटने, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाने, मोजली. झिजलेल्या चेनबरोबर कॅसेटचे दातही झिजले होते, त्यामुळे नवी चेन चढावर मोटरचा जोर आला की दातांवरून उडी मारू लागली आणि शेवटी दोन्ही बदलावे लागले. आता मी पोलादी पट्टीने चोवीस कड्यांची लांबी मोजतो. नव्या चेनमध्ये ती ३०४.८ मिलिमीटर असते, ३०६.३ झाली, म्हणजे अर्धा टक्का वाढली, की चेन उतरवायची. दुसरी चेन ८५० किलोमीटरांवर त्या आकड्याला पोहोचली. गिअर बदलण्याआधी पायांचा जोर क्षणभर कमी करणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण पूर्ण ताणाखाली बदललेला प्रत्येक गिअर चेनला आणि दातांना ओरबाडतो.

सस्पेन्शनची चूक मात्र सर्वस्वी माझी होती. मागच्या शॉकचा सॅग, म्हणजे मी सायकलवर बसल्यावर तो किती दबतो ते, मी पहिल्यांदा घरच्या कपड्यांत, रिकाम्या पाठीने मोजला होता. हेल्मेट, बूट, गुडघ्यांचे पॅड आणि दोन लिटर पाणी घेऊन पुन्हा मोजल्यावर शॉकवरचे रबरी कडे वीस मिलिमीटर सरकले; ५५ मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये, म्हणजे शॉक जास्तीत जास्त दबण्याच्या अंतरात, हा सॅग ३६ टक्के होतो. चढावरच्या दगडी पायऱ्यांवर पेडल वारंवार आपटत होते आणि मी तो माझ्या कौशल्याचा दोष समजत होतो. या सायकलवर दगडांवरून जातानाही पाय फिरवत राहावे लागतात, नाहीतर मोटरची मदत तुटते, म्हणून मागचा भाग खाली बसलेला असणे इथे जास्त त्रासाचे ठरते. थोडी थोडी हवा भरत, दर वेळी शॉक दहादा हळूहळू दाबून आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होऊ देत, सॅग १६ मिलिमीटरवर आणला. पंप काढताना जो फुस्स असा आवाज होतो, तो बहुतेक पंपांत नळीतल्या हवेचा असतो, त्यामुळे त्यासाठी जास्तीची हवा भरू नये. मागे दाब वाढवल्यावर रिबाउंडही, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग, दोन खाच सावकाश करावा लागला, नाहीतर सायकल उतारावर मागून उसळत होती.

टायरमध्ये पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय हवेचा दाब मला मानवला आहे. बाभळीचे काटे ट्यूबलेस टायर सहन करते, पण छिद्रे बुजवणारे आतले सीलंट उन्हाळ्यात लवकर वाळते, म्हणून दर दोन महिन्यांनी टायर उघडून पाहतो. बॅटरी फेरीहून आल्यावर सावलीत निवू देतो आणि मगच चार्जिंगला लावतो. आठवडाभर फेरी नसेल तर ती अर्ध्यावर ठेवतो.

मागच्या रविवारी मोटरची मदत चढावर अचानक बंद झाली आणि पडद्यावर बिघाडाची सूचना दिसली. मोटर गेली या धास्तीत मी सायकल ढकलत खाली आणली, परंतु स्पोकवरचे चुंबक दगड लागून चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरपासून दूर सरकले होते, एवढेच निघाले. पुस्तिकेतल्या अंतरावर ते बसवले, स्क्रू घट्ट केला आणि स्पोकवर रंगाची खूण केली.

पावसाळ्याआधीचे मोठे काम सस्पेन्शनच्या सांध्यांचे आहे. मोटरजवळच्या खालच्या सांध्याचे एक बेअरिंग बोटाने फिरवताना खरखरते आहे. गेल्या वर्षी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सायकल धुतल्याचा तो परिणाम असावा, आणि तेव्हापासून मी बादली आणि मऊ ब्रशच वापरतो. नवे बेअरिंग मागवले आहे. ते बसवून बोल्ट टॉर्क रेंचने आवळेपर्यंत सायकल टेकडीवर न्यायची नाही असे ठरवले आहे.