पांदणीचा चिखल आणि रिमची आतली कड

सोयाबीन काढणीच्या तोंडावर, सकाळी साडेनऊला, एक काका जुनं बिल हातात घेऊनच वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौरस्त्याजवळच्या आमच्या टायर-रिमच्या दुकानात आले. "चार दिवस नाही झाले भाऊ, हवा उतरते अन् स्टेअरिंग थरथरते. तुम्ही रिम ठोकून वाकडी केली. बाराशे वापस द्या."

पुढच्या डाव्या चाकाची अलॉय रिम आम्हीच सरळ केली होती. हवा उतरणं आणि थरथरणं या दोन वेगळ्या तक्रारी असतात, म्हणून दोन्ही आधी वहीत वेगवेगळ्या लिहिल्या. थरथर ऐंशीच्या वेगाला येते आणि ती स्टेअरिंगमध्येच जाणवते, असं काका म्हणाले. म्हणजे शंका पुढच्या चाकावरच. मागचं चाक असतं तर सीटखाली जाणवलं असतं, आणि फक्त ब्रेक दाबल्यावर आली असती तर आधी ब्रेकची डिस्क बघितली असती.

चाक काढलं आणि न धुता बॅलन्सिंग मशीनवर चढवलं. काकांना शेजारी उभं केलं. चाकाची एक बाजू किती जड आहे ते हे मशीन दाखवतं. आतल्या बाजूला ७० ग्रॅमचा फरक! टायर चढवलेलं चाक इतकं दाखवतं तेव्हा आधी रिमच्या आत बघायचं. स्पोकच्या मागे तळहाताएवढी काळ्या मातीची खपली वाळून दगड झाली होती. परवा वावरातून येताना गाडी पांदणीत फसली होती, ते काकांना तेव्हा आठवलं. बाहेरून पाण्याचा फवारा मारला तरी स्पोकमागे पोचत नाही. खपली लाकडी फळीने खरवडली, कारण लोखंडी पेचकसाने रिमचा रंग उडतो. पुन्हा फिरवलं तर १० ग्रॅम. माती तशीच ठेवून तोल साधायला रिमला ७० ग्रॅमचं वजन चिकटवलं असतं, तर खपली गळून पडताच थरथर पुन्हा आली असती.

'ठोकून वाकडी' हाही आरोप होताच. स्टँडवर खडू टेकवून रिम हळू फिरवली, तर दोन्ही कडांना खडू सगळीकडे सारखा घासला. रिम सरळ होती.

हवेच्या बाबतीत मात्र चूक आमची निघाली, आणि ती तिथेच कबूल केली. व्हॉल्वला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. चाक टाकीत बुडवलं तेव्हा आतल्या कडेच्या वीतभर भागातून बारीक बुडबुडे आले. टायर उतरवल्यावर दिसलं, त्या जागी पांढरी बुरशीसारखी गंज आणि जुन्या सीलंटची चिकट थप्पी होती. रिम सरळ करताना आम्ही बाहेरची कड घासून घेतली होती, आतली नुसती फडक्याने पुसली. अशा खडबडीत जागी टायरची कड नीट बसत नाही. वाहनाला धक्के बसले की तिथून हवा थोडीथोडी जाते. पंपावर हवा तपासली तर लांबून आल्यामुळे टायर तापलेला असतो आणि आकडा तीन-चार पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) जास्त दिसतो. काकांना तिथे सगळं ठीक वाटलं होतं, ते याचमुळे.

आधी १२० आणि मग २४० नंबरचा एमरी पेपर मारून ती कड गुळगुळीत केली, कोरडी पुसली, बीड सीलरचा, म्हणजे टायरची कड हवाबंद बसवणाऱ्या लेपाचा, पातळ थर दिला. जाड थर दिला तर वाळून पुन्हा थप्पी होते. टायरच्या कडेला साबण लावून हवा भरली. दोन्ही कडा 'टप' करून बसेपर्यंत ४० पीएसआयच्या वर जायचं नाही. तोवर बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा. मग ३२ पीएसआय ठेवून पुन्हा टाकीत बुडवलं. दहा मिनिटं एकही बुडबुडा नाही. नट चांदणीच्या आकारात, समोरासमोरचे आळीपाळीने आवळून, गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) मॅन्युअलप्रमाणे पक्के केले.

हवेच्या कामाचे पैसे घेतले नाहीत. बॅलन्सिंगचे दीडशे काकांनी स्वतःहून दिले, बाराशेचा विषय पुन्हा काढला नाही. बिलावर मी लिहिलं: आतली कड घासली, थंड टायरमध्ये ३२.

चौथ्या दिवशी सकाळी, गाडी गार असतानाच घरी मोजून त्यांनी फोन केला. ३२ च होते.